मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला लघवीला उभं राहण्याचं कुणालाच काही वाटत नाही का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून बदली होऊन जालन्याला आलात, बँकेत जाता-येता भिंतीकडे तोंड करून उभी असलेली माणसं रोज दिसतात, आजूबाजूचे लोक ढिम्म असतात, तर इथं कुणालाच याचं काही वाटत नाही का आणि एखाद्याला हटकलं तर चालेल का. पुण्यात असं दिसत नव्हतं, हे तुमचं वाक्य वाचून जरा हसू आलं. असो.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. स्टँडपासून शंभर पावलांवर. दुकानाची एक बाजू बोळात जाते, तिकडं चाळीस फूट सलग भिंत, ना खिडकी ना दार. त्या भिंतीच्या कृपेनं या विषयाचा माझा वीस वर्षांचा अभ्यास झालेला आहे.

लोकांना वाटतं की. तुम्हाला ज्याचं वाटतं त्याचं वाटत नाही, एवढंच.

माझं लहानपण खेड्यात गेलं. तिथं लघवीला कुठं बसायचं यापेक्षा कुठं बसायचं नाही याचे नियम जास्त होते. खळ्याजवळ नाही, वारुळावर नाही, वाहत्या पाण्यात नाही, पिंपळाखाली तर नाहीच. रात्री चिंचेखालून जाताना लागली तर आधी थुंकायचं, म्हणजे तिथं जे कुणी असेल ते बाजूला होतं. कुणाच्या दाराकडे तोंड करून बसणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. आणि 'बसणं' हा शब्द मुद्दाम वापरतोय. धोतराची सगळी पिढी खाली बसायची. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातले बुजुर्गही बसूनच, नंतर पुसायला हातात मातीचं ढेकूळ घेऊन. बसलेला माणूस धुऱ्याआड, म्हणजे बांधाआड, जातो, चार पावलांवरून दिसत नाही. मी पहिल्यांदा उभ्यानं सुरू केलं तेव्हा आजोबा ओरडले होते, "उभ्यानं काय मुतायलास बैलावानी? बस खाली!" पुढं पँट आली, चेन आली, आणि माणूस उठून उभा राहिला. माझ्या मते आजचं अर्धं दृश्य त्या चेनचं आहे.

दुसरा नियम कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. ज्यानं पाठ फिरवली तो दिसत नाही. म्हणजे दिसतो, पण दिसला असं धरायचं नाही. लाज राखायची जबाबदारी त्याची थोडी आणि बघणाऱ्याची जास्त. आपण मान दुसरीकडे वळवायची, त्याला हाक मारायची नाही, रामराम घालायचा नाही. माझ्याकडं उधारी थकवलेला एक गिऱ्हाईक होता, तीन महिने गायब. एक दिवस माझ्याच भिंतीशी सापडला. त्याचं होईपर्यंत मी कोपऱ्यावर थांबलो, मग पुढं होऊन म्हटलं, "काय मामा, लई दिवसांनी!" आधी बोललो असतो तर चूक माझी ठरली असती, उधारी राहिली बाजूला. तुम्हाला जे लोक ढिम्म वाटतात ते या हिशेबानं सभ्यपणे वागतायत.

शेतात हे सगळं शोभतं. पन्नास एकरात एक माणूस, काळी माती, ऊन. तासाभरात काही उरत नाही. मी स्वतः शेताकडे जाताना लिंबाखाली गाडी लावतो आणि मोकळा होतो, त्यात मला आजही काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू. घोटाळा झाला तो गावाचं शहर होताना. माणसं सवय घेऊन आली, आडोसा तिकडंच राहिला, आणि वारूळ, पिंपळ, खळं यांच्या जागी तालुक्यात नवी यादी काही कुणी केली नाही. भिंत दिसली की ती कुणाचीच नाही, असं धरलं जातं.

माझी भिंत माझी होती. दुकान घेतलं तेव्हा तिचा खालचा तीन फूट भाग लोणा चढून फुगलेला, बोट लावलं की गिलावा हातात. आत आम्ही युरियाची गोणी विकायची आणि बाहेर फुकटच्या युरियानं विटा खायच्या. पेंटरकडून 'येथे लघवी करू नये' लिहून घेतलं. त्याचा परिणाम असा झाला की नवख्या माणसालाही जागा कळली. मग चिडून 'येथे गाढव लघवी करतो' लिहवलं. आठवडाभरात खाली कोळशानं कुणीतरी लिहिलं, 'गाढवाला वाचता येत नाही'. अक्षर चांगलं होतं.

शेवटी देवाच्या टाइल्स. टाइल्सवाल्याकडं तयार संचच मिळतो, गणपती, तुळजाभवानी, साईबाबा, मक्का, सगळे एका खोक्यात. आमच्या आईनं ते बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "देवाला राखणीला बसवलास व्हय रं, अन् असल्या जागी?" तिचं बरोबर होतं. पण टाइल्सनी काम केलं, भिंत वाळली. धार मात्र बंद झाली नाही, ती वीस फूट पुढं भांडेवाल्याच्या भिंतीवर गेली. त्यानंही टाइल्स लावल्या. मग सगळे विजेच्या डीपीकडे सरकले, जिथं जिवाला धोका आहे आणि वायरमन येता-जाता आमच्या दोघांच्या नावानं शिव्या देतो. देव दिसला तर तेवढं थांबायचं, पण सवय सोडायची नाही, अशी ती तडजोड होती.

कायद्याचं विचाराल तर कायदा जुना आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चा, त्यातल्या कलम 115 मध्ये रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी असं करणं गुन्हा आहे. इतकंच काय, सात वर्षांखालच्या पोराला बसवलं तर सांभाळणारा दोषी. म्हणजे स्टँडवर लेकराला पुढं धरून 'शूऽऽ' करणारी प्रत्येक आई गुन्हेगार झाली. 2018 पासून शहरांमध्ये जागेवर दंडही ठरवून दिलाय, मोठ्या महापालिकांत दोनशे रुपये, लहान शहरांत शंभर. आमच्या बोळात पावती फाटताना मी पाहिलेली नाही.

आणि स्वच्छतेच्या मोहिमाही दोन नंबरच्याच मागं लागलेल्या. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, मग स्वच्छ भारत, संडासाला बारा हजारांचं अनुदान, पहाटे टमरेलवाल्यांना पकडणारं गुड मॉर्निंग पथक, शेवटी वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी. हागणदारी हा शब्द आहे, तो मिटवता आला. एक नंबरच्या जागेला तसा शब्दच नाही, शाळेतही पोरं करंगळी दाखवून "एकीला जाऊ?" विचारतात आणि मास्तर मान हलवतात, मग पोरगं शाळेच्या मागच्या भिंतीकडं पळतं. तिथूनच सुरुवात होते. त्यात इकडं पाण्याची तऱ्हा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा तिथं आमच्या पाहुण्यांच्या घरी एकीला बादली ओतायची नाही असा नियमच होता. पाणी नसलं की मुतारी सगळ्यात आधी घाण होते, आणि घाण मुतारीपेक्षा बाहेरची भिंत बरी असं माणूस म्हणतो. त्याला मी पूर्ण चूक ठरवू शकत नाही.

हटकण्याचं सांगतो. हटका, पण मधेच नको. होऊ द्या. आवाज चढवून "लाज नाही वाटत का?" म्हणालात तर तो तुमचं गाव विचारील आणि विषय पुणे विरुद्ध जालना होऊन बसेल. मी एवढंच म्हणतो, "मामा, पुढं मुतारी आहे, ही भिंत आपलीय." दहातले सात जण खरंच ओशाळतात. "लई घाईची आल्ती मालक" म्हणून निघून जातात. उरलेल्या तिघांना डायबेटिस, प्रोस्टेट असलं काही असू शकतं, म्हाताऱ्या माणसाला अजिबात टोकू नका. पिऊन आलेल्यालाही नको.

आता तुमच्या प्रश्नात जे आलंच नाही ते. तुम्ही 'माणसं' लिहिलंय आणि ते पुरुषच आहेत हे सांगायची तुम्हालाही गरज वाटली नाही, मलाही वाचताना वाटली नाही.

बायकांना घरी न्हाणी असते. जुन्या घरात संडास नसला तरी न्हाणी असायचीच, एकीची सोय तिथं. उंबऱ्याबाहेर काही नाही. शेतात उभं पीक असेल तेवढा आडोसा. पूर्वी जोंधळा असायचा, पुरुषभर उंच, कापूस असायचा, तूर असायची. आता मीच ज्याचं बियाणं पोत्यानं विकतो ते सोयाबीन, गुडघ्याएवढं. खुरपायला गेलेल्या बाईनं त्यात कुठं बसावं? आणि सुगी संपल्यापासून पावसापर्यंत रान उघडंबोडकं. प्रवासातही तेच. कल्याण-निर्मल रस्ता रुंद झाला, गाडी भुंगाट जाते, पण कडेची झाडं आणि येड्या बाभळी गेल्या. गाडी थांबली की पुरुष उतरून ओळीनं उभे राहतात, बायका खिडकीतून दुसरीकडं बघत बसतात. त्या सकाळपासून पाणीच प्यायलेल्या नसतात. मग उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ, मुतखडा होतो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला, त्याला कारणं अनेक होती, पण फडात ना आडोसा ना पाणी आणि त्यातून होणारे आजार, हे त्यातलं एक होतंच.

स्टँडवरच्या मुतारीत पुरुषाला फुकट आणि बाईला पाच रुपये, हे तर नेहमीचं. पैसे म्हणे दुसरीचे, पण बाई आत एकीला गेली होती की दुसरीला, हे तिनं बाहेरच्या माणसाला कसं पटवून द्यावं? मुंबईत बायकांच्या संघटनांनी 2011 साली 'राइट टू पी' मोहीम काढली ती याच भेदावर बोट ठेवून. आमच्याकडं त्या नावानं काही आलं नाही.

आमच्याकडं एक मावशी आल्या. सात वर्षं झाली असतील. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन त्या भिंतीच्या तोंडाशी पोतं अंथरून बसायला लागल्या. मी म्हटलं बसू द्या. आणि त्या दिवसापासून बोळातला पुरुष बंद झाला. वळणावरून यायचा, मावशी दिसली की घुटमळायचा, खिशातलं काहीतरी शोधल्यासारखं करायचा आणि मागं फिरून स्टँडच्या मुतारीकडं जायचा. डीपीसुद्धा वाळला. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना तिथवर चालत जाता येत होतं.

मावशी सकाळी आठला यायच्या, पाचच्या गाडीनं परत. मे महिन्यात एकदा माझी बायको दुकानात आलेली असताना त्या तिच्याजवळ जाऊन हळूच काहीतरी बोलल्या. बायकोनं मला बाहेर पाठवलं आणि त्यांना मागच्या बाजूला नेलं. दुकानामागं आमचा संडास आहे, मी आणि पोऱ्या वापरतो. मावशींना तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. पाच महिने त्यांनी विचारलं नव्हतं. पुरुषाच्या दुकानात असलं कसं विचारावं, म्हणून घरून निघताना पाणी पीत नव्हत्या, आणि उन्हाळी लागून दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. माझ्या भिंतीशी उभ्या राहिलेल्या शेकडो पुरुषांपैकी एकानंही मला कधी विचारलं नव्हतं, ते आठवलं.

किल्ली तेव्हापासून काउंटरच्या बाजूला खिळ्यावर असते. आता बाजारच्या दिवशी आठ-दहा जणी येतात, बांगडीवाली, मिरचीवाली, कधी तहसीलला कामाला आलेली एखादी. पाण्यावरून पोऱ्या कुरकुरत होता, तर त्यांनी आपसात ठरवलं, जी जाईल तिनं हापशावरून एक बादली आणून पिंपात ओतायची. किल्लीला बियाण्याच्या कंपनीचं किचेन होतं ते तुटलं, तेव्हा मावशींनी ती हिरव्या बांगडीत अडकवली. मला वाटलं होतं काचेची आहे, फुटेल. प्लॅस्टिकची निघाली. ती बांगडी बघून अजून एकाही बाप्यानं किल्ली मागितलेली नाही.