आपल्या डीएनएत २ टक्के निअँडरथल (माणसाची नामशेष झालेली एक जवळची जात) आहे हे नुसतं अंदाजपंचे सांगतात का?

नाही हो, अंदाजपंचे नाही. मी एमएस्सीला असताना माझ्या पीसीआरच्या (डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) कंट्रोल ट्यूबमध्ये, जी कोरी असायला पाहिजे, तिच्यातपण बँड यायचा, म्हणजे कुठूनतरी डीएनए घुसलेला, बहुतेक माझाच, अख्खा महिना गेला त्यात. आता विचार करा, ४०,००० वर्षं जुनं हाड, त्यातला बहुतेक डीएनए मातीतल्या जंतूंचा, वर हाड हाताळणाऱ्यांचा, मग मूळ मालकाचा ओळखायचा कसा?

तर गंमत अशी की तो खराब झालेला असतो हीच त्याची ओळख. जुन्या डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात आणि तुकड्यांच्या टोकाला डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी हे अक्षर बिघडून टी वाचलं जातं, ताज्या डीएनएत असं होत नाही. म्हणजे जरा जास्तच स्वच्छ निघाला तर समजायचं की हा आपल्याच कुणाचा तरी आहे.

जुन्या डीएनएवर काम करणारे शास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या टीमने २०१० साली क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या तीन हाडांवरून निअँडरथलचा जीनोम, म्हणजे डीएनएचा अख्खा आराखडा, जुळवला आणि तो आजच्या पाच माणसांशी ताडून बघितला, एक फ्रेंच, एक चिनी, एक पापुआ न्यू गिनीचा, दोन आफ्रिकेतले. आफ्रिकेबाहेरचे तिघं निअँडरथलच्या जास्त जवळचे निघाले, आणि तिघंही साधारण सारखेच. मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच, कारण पापुआत निअँडरथल कधी सापडलेलेच नाहीत, म्हणजे सरमिसळ झाली ती आपले पूर्वज आफ्रिकेतून निघाल्यावर पण इकडेतिकडे पांगायच्या आधी. नुसतं हाड बघून हे कळलं नसतं आणि नुसती आजची माणसं तपासूनही खात्रीने सांगता आलं नसतं. (नंतर आफ्रिकेतल्या लोकांतही थोडासा सापडला, तिकडे परत गेलेल्यांमुळे.)

आपल्याकडून असे नमुने फार येत नाहीत, उष्णतेत डीएनए टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन ठिकाणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे वगैरेंनी ६० च्या वर नमुने तपासले, वाचण्यासारखा जीनोम मिळाला एका बाईचा, आणि ती तर जेमतेम साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

आणि हे २ टक्के काही नुसते पडून नाहीत बरं का. कोविडमध्ये आजार गंभीर व्हायचा धोका वाढवणारा क्रोमोसोम (गुणसूत्र) ३ वरचा एक तुकडा निअँडरथलकडून आलाय असं पेबो आणि त्यांचे सहकारी ह्यूगो झेबर्ग यांनी २०२० मध्ये दाखवलं. युरोपात तो साधारण १६ टक्के लोकांत आहे, आपल्या दक्षिण आशियात जवळपास निम्म्या.