टॉप व्ह्यू खाली का काढायचा?

वाचकांचे प्रश्न, ड्रॉइंगच्या निवृत्त मास्तरांची उत्तरं

प्रश्न : सर, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातली. दहावी मराठी माध्यमातून झाली, आता इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. ७० मिमीची रेषा, एच.पी.शी (आडव्या पातळीशी) ३०° आणि व्ही.पी.शी (उभ्या पातळीशी) ४५°, असं ड्रॉइंगचं गणित होतं. स्टेप्स पाठ करून सोडवलं, उत्तरही जुळलं. पण फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारी आकृती) एक्सवायशी, म्हणजे त्या दोन पातळ्या मिळतात त्या रेषेशी, ४५° करतो आणि टॉप व्ह्यू ५५° च्या जवळपास. मग ३०° गेले कुठे? आणि वरून दिसणारा टॉप व्ह्यू खाली का काढायचा?

उत्तर : बेटा, शीट जरा बाजूला ठेव. घरात जुनी लग्नपत्रिका असेलच, लग्नसराई संपली की आपल्याकडे गठ्ठा पडून असतो. ती काटकोनात उघड. आडवं पान एच.पी., समोरचं उभं पान व्ही.पी., मधली घडी म्हणजे एक्सवाय. आता तुराटीचा ७० मिमीचा तुकडा घे आणि कणकेच्या गोळीत असा तिरपा रोव, की वरचं टोक तुझ्याकडे झुकेल आणि थोडं उजवीकडेही जाईल. बरोबर वरून बघून जे दिसतं ते आडव्या पानावर पेन्सिलीने काढ, बरोबर समोरून दिसतं ते उभ्या पानावर. तुराटी काढून घे आणि उभं पान मागे पाड. झाला तुझा शीट! घडीच्या वर फ्रंट व्ह्यू, खाली टॉप व्ह्यू. पुस्तकात एच.पी. खाली फिरवतात, पण निघतं तेच.

दोन्ही पानं घडीच्या पलीकडे वाढवली असं समज, तर चार कप्पे होतात, तेच क्वाड्रंट. तुराटी होती तो पहिला, त्याच्या मागचा दुसरा, दुसऱ्याच्या खालचा तिसरा आणि पहिल्याच्या खालचा चौथा. वस्तू दुसऱ्या किंवा चौथ्या क्वाड्रंटमध्ये ठेवली, तर सपाट केल्यावर दोन्ही व्ह्यू घडीच्या एकाच बाजूला येऊन एकमेकांत गुंततात. म्हणून कामाच्या ड्रॉइंगला पहिला किंवा तिसराच घेतात.

आता ३०°. समोरून बघताना तुराटी तुझ्याकडे किती आली ते कळत नाही, म्हणून लांबी आखडते : ७० × कॉस ४५° = ४९.५ मिमी. उंची मात्र पुरती दिसते : ७० × साइन ३०° = ३५ मिमी. लांबी घटली, चढ तेवढाच राहिला, मग रेषा जास्त उभी दिसणारच. ३५ भागिले ४९.५, म्हणजे साइन ४५°. हे ४५° आणि प्रश्नात दिलेले ४५° यांचा संबंध लावू नकोस, आकडेच तसे निवडलेत. तसंच वरून : लांबी ७० × कॉस ३०° = ६०.६, पुढे आलेलं अंतर ७० × साइन ४५° = ४९.५, कोन ५४.७°.

खरे ३०° फ्रंट व्ह्यूत दिसायचे तर रेषा व्ही.पी.ला समांतर हवी. म्हणूनच पहिल्या स्टेपमध्ये ती समांतर धरतात, मग फिरवतात. फिरवताना टोकाची उंची बदलत नाही, ती जपायला आपण आडवी लोकस रेषा (टोक जिच्यावरून सरकतं ती) मारतो. स्टेप्स पाठ करणाऱ्या पोरांना ही रेषा कशासाठी ते शेवटपर्यंत उमगत नाही.

वस्तू अशी दोन पातळ्यांवर उतरवण्याची ही रीत फ्रान्सच्या गास्पार मोंज (१७४६–१८१८) यांची. तटबंदीचं किचकट गणित त्यांनी आकृतीने सोडवलं, आणि लष्कराने ती रीत बरीच वर्षं गुपित ठेवली. आपल्याकडच्या काही वर्गांत ती अजून गुपितच आहे म्हणा!

प्रश्न : मी पुसदजवळ ट्रॉलीचं फॅब्रिकेशन करतो. बाहेरच्या एका पार्टीने ड्रॉइंग पाठवलं, त्यात टॉप व्ह्यू वर होता. आम्ही नेहमीसारखं वाचलं आणि वाकवलेल्या ब्रॅकेटचं भोक उलट्या बाजूला आलं.

उत्तर : भाऊ, ते थर्ड अँगलचं, म्हणजे वस्तू तिसऱ्या क्वाड्रंटमध्ये धरून काढलेलं ड्रॉइंग. अमेरिकेत तीच पद्धत चालते, आपण फर्स्ट अँगल, म्हणजे पहिल्या क्वाड्रंटची पद्धत शिकतो. फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून दिसणारं उजवीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडेच. एकाचं ड्रॉइंग दुसऱ्यासारखं वाचलं की आरशातली वस्तू तयार होते. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) कापलेल्या शंकूचं चिन्ह शोधा. दोन वर्तुळं शंकूच्या लहान तोंडाच्या बाजूला असली तर थर्ड, मोठ्या तोंडाच्या बाजूला असली तर फर्स्ट. चिन्हच नसेल तर गॅस कटर पेटवण्याआधी पार्टीला फोन लावा. बिघडलेले ब्रॅकेट भंगारात टाकू नका. ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला तसाच उलटा ब्रॅकेट लागत असेल, तर ते तिथे बसतील.