मोकळं बोलू: "तीस वर्षं पोरं घडवली, आता माझी चौकशी करणार का?"

प्रश्न: ताई, सांगली जिल्ह्यात आमचं कबड्डी मंडळ आहे, साठेक पोरंपोरी येतात, शिकवणारे सगळे आमचेच जुने खेळाडू, मानधनसुद्धा घेत नाहीत. कमिटीत एकाने सुचवलं की मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखायचं ट्रेनिंग सगळ्यांना देऊया, तर आमचे सीनियर कोच एवढे चिडले की विचारू नका. म्हणाले तीस वर्षं पोरं घडवली, आता माझी चौकशी करणार का. ते गेले तर मंडळच बसेल हो.
– एक सचिव

उत्तर: दादा, त्यांचं चिडणं मी समजू शकते, कारण बहुतेक ठिकाणी हा विषय काढतातच असा की जणू कोणावर तरी बोट ठेवायचंय. त्यांना सांगा की पहिल्या रांगेत मी बसणार, म्हणजे तुम्ही स्वतः, मग खजिनदार, टेम्पोवाला, जेवण करणाऱ्या मावशी, सगळे. एकट्या कोचला बसवलंत तर मी पण चिडेन.

कायद्याचं एकदाच सांगते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आणि त्याचे 2020 चे नियम म्हणतात की शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, जिथे मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन ठराविक काळाने व्हावं आणि ट्रेनिंगही व्हावं. तुमचे लोक पगारी नाहीत हे खरं, पण पोराला त्याने काय फरक पडतो? आणि नुसत्या व्हेरिफिकेशनवर विसंबू नका, ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही त्याचा कागद कोराच येणार ना.

आता ट्रेनिंग म्हणजे हॉलमध्ये पीपीटी आणि शेवटी सर्टिफिकेटसोबत फोटो, ते नको. प्रसंग द्या. प्रॅक्टिस संपली, अंधार पडला, एकाच पोराला न्यायला कोणी आलं नाही, तुम्ही एकटे आहात, बाईकवर सोडणार का? बाहेरगावी स्पर्धा आहे, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचंय, कोण कुठे झोपणार? मांडीत गोळा आला, मालिश कोण करणार, आणि दार लावून की मैदानावर सगळ्यांसमोर? रात्री अकराला एकाच मुलीला 'छान खेळलीस' असा मेसेज टाकायचा का? यावर तासभर भांडू द्या, भांडणातूनच तुमचे नियम निघतील आणि ते त्यांना आपले वाटतील. कोचांची झोपायची सोय वेगळी, मालिश उघड्यावर आणि तिसरं माणूस हजर असताना, मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्समध्ये (आता नाव 'स्काउटिंग अमेरिका') नियमच आहे की कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसं हवीत, आणि त्या संस्थेने मुलांवरच्या अत्याचाराच्या जुन्या प्रकरणांची किंमतही मोजलीय, 2020 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला, दावे ऐंशी हजारांच्या वर गेले.

नियम सगळ्यांना सारखा असला की एखादा तो मोडताना दिसला तर 'सर, दार उघडं ठेवा ना' एवढं अठरा वर्षांचा पोरगा पण म्हणू शकतो, त्यासाठी सरांवर संशय असायची गरजच नाही. तुमच्या सीनियर कोचांना नेमकं हेच सांगा, उद्या कोणी उगाच काही बोललं तर हेच नियम त्यांच्याही बाजूने उभे राहतात.

आणि हो, 'आमच्याकडे मुलीच कमी आहेत' असं कोणी म्हणालं तर सरकारचा 2007 चा अभ्यास दाखवा, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते.

प्रश्न: मी वीस वर्षांचा आहे, सुट्टीतल्या शिबिरात मदतीला होतो. अकरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला की एक सर मोबाईलवर घाण व्हिडिओ दाखवतात, कोणाला सांगू नको दादा. आधी सरांना विचारू का? ते चांगले आहेत तसे.

उत्तर: नाही रे बाबा, सरांना अजिबात विचारू नकोस, त्याने फक्त तो मुलगा अडचणीत येईल आणि मोबाईल साफ होईल. मुलाला सांग, तू बोललास ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही, पण हे मी गुपित ठेवू शकत नाही, मदत करू शकतील अशांनाच सांगणार. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून आजच लिहून ठेव.

मग पोलीस, किंवा मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन, चोवीस तास चालू असतो. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही, पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे नुसती शंका असली तरी कळवायचं असतं, आणि चांगल्या हेतूने कळवलंस तर तुझ्यावर काही येत नाही. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड होऊ शकतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर वर्षापर्यंत, त्यामुळे 'आपण आपसात मिटवू' म्हणणाऱ्या आयोजकांना हे ऐकव. त्यांना सांगून तुझी जबाबदारी संपत नाही, तू स्वतः कळव. जबाब मुलाच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घेतात, पोलीस गणवेशात नसतात, हे त्याच्या आईवडिलांना आधी सांग म्हणजे ते घाबरणार नाहीत. मुलाचं नाव मात्र कुठल्याही ग्रुपवर नको, अगदी मित्रांच्याही.