देवाला जाब विचारला म्हणजे विश्वास गेला का?

या वेळची वाचकांची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत, संकट लांबत गेलं की विश्वास टिकवायचा कसा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून तीन पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण हा प्रश्न खूप जणांच्या मनात असतो आणि तो मोठ्याने विचारायची भीती वाटते.

प्रश्न: माझे मिस्टर बऱ्याच दिवसांपासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, प्रार्थना केल्या, आम्ही उपास केले, रिपोर्ट काही सुधरत नाहीत. मध्यंतरी मंडळीतल्याच एक बाई म्हणाल्या की घरात काहीतरी लपलेलं पाप असेल नाहीतर तुमचाच विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की रडू येतं, राग येतो, देवालाच विचारते का असं करतोयस म्हणून, आणि नंतर अपराधी वाटतं. माझा विश्वास संपला का हो?

नाही ताई, संपलेला नाही. ज्याचा विश्वास संपतो तो देवाशी भांडत बसत नाही, बोलणंच सोडून देतो. तुम्ही अजून त्याच्याशीच बोलताय.

पण आधी त्या बाईंच्या बोलण्याचं बघू, कारण मनाला लागलंय ते तेच. आजार आला म्हणजे कुणाचं तरी पाप, हा हिशोब येशूनेच मोडून काढलाय. बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकात, ९ व्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणतो, यानेही नाही आणि त्यांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं दगावली त्यांचा विषय निघतो, तिथेही येशू सांगतो की ते बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका.

आणि विश्वास कमी पडतोय म्हणाल तर प्रेषित पौलाचं बघा. त्याच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तरी ते बरे व्हायचे असं प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये लिहिलंय आणि तोच पौल २ तीमथ्य पत्राच्या शेवटी लिहितो की सोबती त्रफिमाला मी मिलेत गावात आजारी सोडून आलो. तीमथ्य तर त्याचा लाडका शिष्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं. स्वतःच्या 'शरीरातल्या काट्यासाठी', म्हणजे एका सततच्या त्रासासाठी, पौलाने तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. आता पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? त्यामुळे ते वाक्य मनातून काढून टाका, आणि पुन्हा कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की असं बोलू नका, आम्हाला त्रास होतो. एवढं सांगण्यात उद्धटपणा काही नाही.

आता तुमच्या रागाबद्दल. मुलं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक आपण धीराचं उदाहरण म्हणून सांगतो आणि पहिले दोन अध्याय झाले की थांबतो. ३ ऱ्या अध्यायात तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. ७ व्यात देवाला म्हणतो, माझ्यावरची नजर काढ, थुंकी गिळायला तरी उसंत दे! असं कुणी प्रार्थनासभेत म्हटलं तर लोक एकमेकांकडे बघतील. त्याचे मित्र मात्र सगळं बरोबर बोलत होते, म्हणजे ऐकायला तरी, देव न्यायी आहे, तूच काहीतरी केलं असशील, पश्चात्ताप कर, अगदी तुम्हाला ऐकवलं गेलं तेच. आणि ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर, म्हणतो माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. मला पवित्र शास्त्रातली ही सगळ्यात मोठी दिलासा देणारी जागा वाटते. ईयोबाला 'का' चं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही हेही लक्षात ठेवा, देव त्याच्याशी बोलला पण कारण सांगितलं नाही.

बायबलमधल्या स्तोत्रांचं, म्हणजे प्रार्थनागीतांचंही तसंच आहे, १५० पैकी साधारण तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाण्यांचाच असेल. १३ वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं, त्यात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा विचारलंय, कोठवर? ८८ वं तर शेवटपर्यंत उजेडाकडे वळतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते कुणी वगळलं नाही, उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. आणि वधस्तंभावर येशूने २२ व्या स्तोत्राचीच हाक मारली, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. तुमचा 'का' त्याच्या तोंडी आधीच येऊन गेलाय ताई.

एक फरक मात्र जपा. इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली ती आपापल्या तंबूत बसून, एकमेकांत, देवाच्या पाठीमागे. त्यांचा पुढारी मोशे पण वैतागला होता, गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात तो म्हणतो एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला झेपत नाही, असंच वागवणार असशील तर मला मारून टाक. पण तो हे देवाला म्हणाला, तोंडावर, आणि देवाने त्याला झापलं नाही, ७० वडीलजन मदतीला दिले. म्हणजे उत्तर माणसांच्या रूपात आलं. तुम्हालाही माणसं लागणार आहेत. मंडळीतल्या एका-दोघांना स्पष्ट सांगा की आठवड्यातल्या एका डायलिसिसला तुम्ही बसा, मी घरी झोपते. प्रार्थनेत आठवण ठेवा असं सांगून थांबू नका, वार आणि वेळ सांगून मागा.

त्या चार तासांत मशीन चालू असताना मिस्टरांना चालणार असेल तर १३ वं स्तोत्र हळू आवाजात वाचा आणि 'कोठवर' च्या पुढे तुमचं स्वतःचं वाक्य घाला, जे असेल ते. शेवट गोड करायची घाई नको, त्या दिवशी जेवढं खरं आहे तेवढंच म्हणा आणि आमेन म्हणा. आणि विश्वास दाखवायला डायलिसिस बंद करा असं कुणी सुचवलं, तर कितीही मोठा सेवक असला तरी अजिबात ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

प्रश्न: नोकरी गेल्यापासून प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. वचन वाचतो, डोक्यात शिरत नाही. पूर्वी आराधनेत डोळे भरून यायचे, आता उभा राहून फक्त ओठ हलवतो. झोप नाही, भूक नाही. मी ढोंगी झालोय का?

१ राजे १९ वाच, आजच. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला बघितला होता आणि लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला आता पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत आला त्याने काय केलं? उपदेश नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याची सुरई, उठ खा, परत झोप, परत उठ खा, वाट लांबची आहे. तू इथे काय करतोस हा देवाचा प्रश्न नंतर आला, तोही होरेब डोंगरावर पोचल्यावर. तर आधी शरीराकडे बघ. झोप आणि भूक दोन्ही गेलीये आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय तर डॉक्टरांना दाखव, नैराश्यावर उपचार असतात आणि ते घेणं म्हणजे देवाला सोडणं नाही. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नकोस, आजच कुणाला तरी सांग.

आणि ढोंगी कसला? जाणवत नसताना उभा राहतोस ते ढोंग नाही, मला तर तो जास्त खरा विश्वास वाटतो. भावना येतात जातात. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांना कित्येक दशकं प्रार्थनेत कोरडेपणा आणि अंधारच जाणवत होता, तरी त्या रोज प्रार्थना करत राहिल्या आणि रोज सेवेला जात राहिल्या.

सध्या मोठ्या प्रार्थनेच्या मागे लागू नकोस. मार्क ९ मधल्या पछाडलेल्या मुलाच्या बापाचं एक वाक्य घे, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालव. येशूने त्या वाक्यावर त्याच्या मुलाला बरं केलं, आधी विश्वास पक्का करून ये म्हणाला नाही. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हण, पाठ आहे म्हणून ती खोटी होत नाही. वाचायला मार्काचं शुभवर्तमान घे, १६ च अध्याय आहेत, रोज एकच प्रसंग. आणि रविवारी मंडळीत जा, गाता आलं नाही तरी चालेल, बाजूचे गातायत ते ऐक.

प्रश्न: मैत्रिणीचं बाळ गेलं. भेटायला जायचंय, पण काय बोलू? "सगळ्या गोष्टी मिळून कल्याण करतात" हे वचन सांगू का?

आत्ता नको. रोम ८:२८ खरं आहे पण त्यात प्रत्येक गोष्ट चांगली असते असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि ताज्या दुःखात ते ऐकणाऱ्याला तसंच ऐकू येतं. देवाला फूल आवडलं, देवाची योजना असेल, तू तरुण आहेस परत होईल, यातलं काहीच नको.

योहान ११ मध्ये भाऊ लाजर गेल्यावर मार्था आणि मरिया या दोघी बहिणी येशूला अगदी एकच वाक्य म्हणतात, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच आहे ती. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, मरियेला रडताना बघून तो स्वतः रडतो. लाजराला आपण उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. तेव्हा तिला बोलायचं असेल तर बोल, रडायचं असेल तर रड. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नाव घेऊन बोल, आई-बापाला ते हवं असतं. काही लागलं तर सांग असं म्हणू नकोस, ती सांगणार नाही, डबा घेऊन जा, मोठं मूल असेल तर त्याला दुपारभर सांभाळ. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, खरी गरज महिन्या-दोन महिन्यांनी लागते, तेव्हा सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. ती तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव आणि त्या दिवशी तिच्याकडे जा.