आधी चाखून बघ

प्रिय,

तुझं लांबलचक पत्र आणि सोबतचा ओट्याचा फोटो मिळाला. फोटोत मसाल्यांची पाकिटं दिसली, सॉसच्या बाटल्या दिसल्या, वाळवलेल्या पानांच्या बरण्या दिसल्या. त्या दिवशी शिजवायला नेमकं काय आणलं होतंस, तेवढं मात्र कुठे दिसलं नाही. आणि खाली तुझा प्रश्न : एवढं सगळं घालूनही रोजचं जेवण एकाच चवीचं का लागतं, अजून काय घालू?

अजून काही घालू नकोस. जे आणलंयस ते आधी चाखून बघ. कच्चं. धुऊन, कापून, एक फोड तोंडात टाकून. तुझ्या अख्ख्या पत्रात ‘चाखलं’ हा शब्द एकदाही आलेला नाही. ‘घातलं’ मात्र ओळीओळीला आहे.

टोमॅटोपासून सुरू कर. चार फोडी कर, दोन तशाच खा, उरलेल्या दोन फोडींवर चिमूटभर मीठ टाकून पाच-दहा मिनिटं थांब. मीठ आतलं पाणी ओढून घेतं. बशीत साचलेला तो रसही चाटून बघ. आंबट जास्त आहे? गोड आहे? की नुसतंच पाणी? त्यावर पुढचं सगळं ठरतं. आणि कुठल्याशा कृतीत लिहिलंय म्हणून तू बियांभोवतीचा गर काढून टाकतोस, ते आजपासून बंद. रस्सा भरीव लागतो तो ज्या ग्लुटामेटमुळे, ते टोमॅटोच्या बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या बुळबुळीत गरात जास्त असतं. किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या अर्कातून हेच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. तू ते केराच्या डब्यात टाकतोस आणि वर बाटलीतला सॉस ओततोस. काय म्हणावं तुला!

‘पण मी हंगामातलंच आणतो,’ असं तू लिहिलंयस. चांगलं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मटार आणि मक्याचं कणीस तोडल्यापासूनच गोडी गमावायला लागतात; साखरेचा स्टार्च होत जातो, आणि उकाड्यात तर झपाट्याने. सकाळी तोडलेला मटार आणि तीन दिवस पडून राहिलेला मटार, दोन्ही हंगामातलेच. दाणा दाताखाली फोडून बघ. गोड लागला तर उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं, वर मीठ, थोडं लोणी, बस्स. पिठूळ लागला तर रुसू नकोस. कांद्याबरोबर निवांत शिजव, घोटून सूप कर, शेवटी लिंबू पिळ. भाजी एकच, वाट वेगळी. वाट कुठली ते जीभ सांगते, पाकीट नाही.

इथे मला एक जुनं प्रकरण आठवतं. मी एका मोठ्या स्वयंपाकघरात नोकरीला होते. टोमॅटोच्या रश्श्याची कृती भिंतीवर चिकटवलेली : इतके किलो टोमॅटो, इतकी साखर. बारा महिने तीच. ऐन हंगामात टोमॅटो नुसते खावेत असे गोड यायचे, तरी साखर मोजून पडायची. मी ती गाळली आणि बोलणी खाल्ली. वरिष्ठांचं म्हणणं, खाणाऱ्याला चव रोज तीच हवी असते. माझं म्हणणं, चव तीच राखायची असेल तर साखर रोज बदलायला हवी. वाद मिटला नाही. मी नोकरी सोडली. घरचे अजून सुनावतात, पगार चांगला होता म्हणून. होताच. त्या पगाराची हळहळ नाही मला. त्याआधी जी वर्षं मुकाट्याने चमचे मोजले, त्यांची आहे. म्हणून तू ‘अचूक प्रमाण द्या’ लिहिलंस तेव्हा माझं डोकं जरा फिरलं. प्रमाण देणार नाही. लिंबू बघितल्याशिवाय, तो किती आंबट आहे ते तुला कसं सांगू?

मात्र कधी काय घालायचं, ते सांगते. हिरव्या शेंगा आणि पालेभाज्यांत लिंबू शेवटी, ताटात वाढताना. आधी पिळलास तर आंबटपणाने हिरवा रंग मळकट होतो आणि लिंबाचा वास वाफेबरोबर उडून जातो. वाळलेले घेवडे, राजमे शिजवताना टोमॅटो आधी टाकू नकोस; आंबटात ते लवकर मऊ पडत नाहीत. पुदिना आणि कोथिंबिरीची पानं गॅस बंद केल्यावर, कोथिंबिरीच्या देठांना मात्र थोडी आच सोसते, ते बारीक चिरून आधीच टाक. आणि फेकू नकोस, पानांइतकीच चव असते त्यांत.

लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेव. पेशी फुटल्या की आत वेगवेगळी असलेली द्रव्यं एकत्र येतात आणि तो झणका तयार होतो. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात गेला तर ते काम अर्धवट राहतं. झणका नकोच असेल तर पाकळ्या अख्ख्या शिजव, गोडसर होतात. तुला कुठला हवा? भाजी चाखल्याशिवाय ठरवू नकोस.

तुझी परतलेली भाजी लिबलिबीत होते, त्याचं कारण फोटोतच आहे. लहान कढई शिगोशीग भरलीयस. भाजीचं सुटलेलं पाणी आटेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि खमंग तपकिरीपणा साधारण १४० अंशांच्या पुढे नीट यायला लागतो. पसरट भांडं घे, थोडी थोडी परत, सारखी ढवळत बसू नकोस.

माझ्या हातचं जेवून गेलेले काही जण म्हणतात, ‘साधंच होतं.’ म्हणोत. मी मसाल्याची वैरी नाही, हात आखडूनही घालत नाही. पण कडसर पालेभाजीतला कडूपणा चिमूटभर मिठानेच नरमला, तर तिथे आणखी तीन पाकिटं कशाला फोडायची? कडूपणा झाकायला तू साखर घालतोस. आधी मीठ घाल, चाखून बघ, मग बोल.

पोटभर जेवत जा. उशिरा उत्तर दिल्याबद्दल रागावू नकोस.

तुझी,
काकू

ता. क. : तळलेले बटाटे शिजण्याआधीच काळे पडतात म्हणतोस. फ्रिजमध्ये ठेवत असशील. गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, तीच तेलात करपते. बाहेर काढ, अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेव. आणि टोमॅटोही काढ. १२ अंशांखाली त्यांचा वास मरतो.