जपानी ठसाचित्रांतले आजार आणि भुतं

काही जपानी ठसाचित्रं नुसत्या लाल रंगात का छापलेली असतात आणि आजाऱ्याच्या अंथरुणापाशी भुतं का दिसतात, असं तुम्ही विचारलंय.

आधी लाल चित्रांबद्दल. ती शोभेची नव्हतीच. एदो काळात (१६०३–१८६८) मुलाला देवी आल्या की नातेवाईक ही चित्रं भेट आणत. देवीचा रोग आणणाऱ्या देवाला लाल रंग आवडतो आणि पुरळ लाल उठलं की आजार हलका जातो, अशी समजूत होती. म्हणून कपडे, खेळणी, चित्रं, सगळंच लाल. चित्रांत राक्षसांना पिटाळणारा शोकी, दारुमा हा बौद्ध साधू, लोककथेतला वीर मोमोतारो, घुबड. आणि धनुर्धर तामेतोमो, कारण त्याने हाचिजो बेटावरून देवीच्या राक्षसाला हुसकावलं अशी दंतकथा होती. मूल बरं झालं की चित्र जाळायचं किंवा नदीत सोडायचं. इतकी थोडी चित्रं उरली, त्याचं हे मोठं कारण आहे.

माझी सर्वांत आवडती चित्रं १८६२ च्या गोवराच्या साथीतली. एकाच कागदावर वर पथ्य लिहिलेलं, काय खावं, काय टाळावं, आंघोळ किती दिवस नको. आणि खाली गोवराच्या राक्षसाला लोक बडवताहेत. बडवणारे कोण? साथीत धंदा बसलेले स्नानगृहवाले, दारूवाले. राक्षसाला वाचवायला धावतात वैद्य आणि औषधविक्रेते! समाजाचं इतकं नेमकं निरीक्षण मला दुसऱ्या कुठल्या चित्रांत सापडलेलं नाही.

मात्र उशाशी भूत दिसलं की ते आजाराचंच असेल असं धरू नका. कुनियोशी या चित्रकाराच्या १८४३ च्या चित्रात आजारी राइको या दंतकथेतल्या योद्ध्यामागे भुतांची फौज आहे; लोकांनी त्यात तेन्पो सुधारणांनी, म्हणजे सरकारच्या त्या वेळच्या कडक निर्बंधांनी, पिडलेली माणसं ओळखली.

अंधश्रद्धा म्हणून हे सगळं बाजूला टाकण्याआधी लशीचं चित्र पाहा. १८४९ मध्ये गाईंना होणाऱ्या देवीपासून केलेली, माणसांची देवी टाळणारी लस नागासाकीत पोचली. एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) कुवाता र्‍यूसाई या वैद्याने तिच्या प्रचारासाठी चित्र छापवलं: पांढऱ्या गाईवर बसलेलं मूल भाला घेऊन देवीच्या राक्षसाला पळवून लावतंय. पालकांना लस पटवायची तर राक्षस दाखवायलाच हवा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.