शंका इंग्रजीच्या : ‘येतं’, ‘आवडतं’ आणि ‘द्या ना’

प्रश्न : ‘त्याला पोहता येतं’ याचं इंग्रजी ‘ही कॅन स्विम्स’ की ‘ही कॅन टु स्विम’?

उत्तर : दोन्ही नाहीत, ‘ही कॅन स्विम’. मराठीत येणं-आवडणं माणसाला ‘ला’ लावून सांगतात. तो ‘ला’ इंग्रजीत जाताना गळून पडतो. ‘मला’चा ‘आय’ होतो, ‘त्याला’चा ‘ही’, ‘आम्हाला’चा ‘वुई’. त्यापुढे ‘कॅन’ आणि मग क्रियापदाचं मूळ रूप. त्याला ‘एस’ नाही, ‘आयएनजी’ नाही, मध्ये ‘टु’ही नाही. प्रश्न करताना ‘कॅन’च पुढे काढायचं : ‘कॅन शी ड्राइव्ह?’ इथे ‘डज’ला काम नाही.

‘मला इंग्रजी येतं’ म्हणताना ‘आय कॅन इंग्लिश’ असं हमखास निघतं. ‘कॅन’ला पुढे क्रियापद लागतंच : ‘आय कॅन स्पीक इंग्लिश’. एक सोयही आहे. मराठीत कसब असेल तर ‘येतं’ आणि परिस्थितीचा प्रश्न असेल तर बहुधा ‘शकतो’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘कॅन’ चालतं. ‘मला पोहता येतं, पण आज मी पोहू शकत नाही’ म्हणजे ‘आय कॅन स्विम, बट आय कान्ट स्विम टुडे’.

उच्चाराकडे मात्र लक्ष द्या. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ तोंडातल्या तोंडात ‘कन्’ होतं आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो : ‘आय कन् स्विम’. नकारात उलट, जोर ‘कान्ट’वर. अमेरिकी बोलीत ते ‘कॅन्ट’ असतं आणि शेवटचा ‘ट’ जेमतेम ऐकू येतो. त्यामुळे तुम्ही ठासून ‘आय कॅन स्विम’ म्हणालात, तर समोरच्याला नकार ऐकू जाऊ शकतो.

प्रश्न : ‘काल मी धावत जाऊन गाडी पकडू शकलो’ यासाठी लिहिलेलं ‘आय कुड कॅच द ट्रेन’ चूक का?

उत्तर : भूतकाळातलं ‘कुड’ अंगी असलेली क्षमता सांगतं : ‘आय कुड रन फास्ट अ‍ॅट टेन’, म्हणजे दहाव्या वर्षी मला जोरात पळता यायचं. एकदाच घडलेली, साधलेली गोष्ट असेल तर ‘आय वॉज एबल टु कॅच द ट्रेन’ किंवा ‘आय मॅनेज्ड टु कॅच’. तुमच्या वाक्यातून ‘मनात आणलं तर पकडू शकेन’ असाही अर्थ निघतो. नकारात ही भानगड नाही, ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं. भविष्यासाठी ‘विल कॅन’ नको, ‘विल बी एबल टु’ म्हणा.

प्रश्न : ‘लाइक’ आणि ‘वुड लाइक’ एकच का?

उत्तर : नाही. ‘लाइक’ म्हणजे एरवीची आवड, ‘वुड लाइक’ म्हणजे आत्ता हवं आहे. ‘आय लाइक रीडिंग’ – वाचायला आवडतं. ‘आय वुड लाइक टु रीड धिस’ – हे वाचावंसं वाटतंय. बोलताना ‘वुड’चा नुसता ‘ड’ उरतो, ‘आय’ड लाइक’, आणि तोही गिळला की अर्थ बदलतो. ‘वुड यू लाइक सम वॉटर?’ला ‘येस, आय डू’ म्हणू नका. ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक्स’. ‘प्रिफर’पुढे आपल्या ‘पेक्षा’मुळे ‘दॅन’ येतं, तिथे ‘टु’ हवं : ‘आय प्रिफर ट्रेन्स टु बसेस’.

प्रश्न : मी प्रत्येक वाक्याला ‘प्लीज’ जोडतो, तरी बोलणं हुकूम सोडल्यासारखं वाटतं, असं ऐकावं लागतं.

उत्तर : कारण ‘गिव्ह मी द पेन, प्लीज’ ही आज्ञाच राहते. मराठीत आदर क्रियापदातच असतो : दे, द्या, द्या ना, देता का जरा. इंग्रजीत लहानथोरांना एकच ‘यू’ आणि एकच ‘गिव्ह’. मग अदब दाखवायला वाक्य प्रश्नार्थक करावं लागतं आणि पुढे ‘कॅन’ किंवा ‘कुड’ येतं. ओळखीच्यात ‘कॅन यू गिव्ह मी द पेन?’ पुरतं. अनोळखी माणूस किंवा वरिष्ठ असेल तर ‘कुड यू प्लीज गिव्ह मी द पेन?’ हे ‘कुड’ भूतकाळाचं नाही, नुसतं मवाळ आहे. म्हणून उत्तरात ‘येस, आय कुड’ विचित्र वाटतं. ‘शुअर’ किंवा ‘ऑफ कोर्स’ म्हणा. परवानगी मागताना ‘कुड आय कम इन?’, देताना मात्र ‘येस, यू कॅन’. ‘मे आय?’ आणखी औपचारिक.

दोन ठिकाणी घसरगुंडी होते. पहिली ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ यात ‘माइंड’पुढे ‘आयएनजी’ लागतं, आणि प्रश्नाचा अर्थ ‘खिडकी उघडायला तुमची हरकत आहे का?’ असा असल्यानं राजी असाल तर उत्तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’. आपण सवयीनं ‘येस’ म्हणतो, म्हणजे शब्दशः हरकत घेतो. दुसरी ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?’ विनंतीच्या पोटात गेलेला प्रश्न साध्या वाक्यासारखा होतो, ‘इज’ शेवटी सरकतं : ‘कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’